बिननावाची मानचिन्हे : सूचीकरणाच्या कामातील नोंदी

२ जून

संग्रह ताब्यात आला. एकूण २३ नग, सर्व ब्रिटिश हिंदुस्थानच्या काळातले. स्टार ऑफ इंडिया या ऑर्डरचा सी.एस.आय. (कंपॅनियन, म्हणजे सर्वांत खालचा वर्ग) बिल्ला १, इंडियन एम्पायर या ऑर्डरचे सी.आय.ई. (कंपॅनियन) बिल्ले ३, तिच्याच के.सी.आय.ई.चा (नाइट कमांडर) छातीवरचा तारा १, ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया २, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १, चांदीची कैसर-ए-हिंद पदके २, किताबांचे बिल्ले (रावबहादूर, रावसाहेब इत्यादी) ५, दिल्ली दरबारची पदके ६ (१८७७ चे १, १९०३ ची २, १९११ ची ३), १९११ चे राज्यारोहण पदक १, आणि ओ.बी.ई. (ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर, ऑफिसर वर्ग) १.

यातले तीन नग जाड दोऱ्याने एकत्र बांधलेले आहेत : सी.आय.ई. (नग २), रावबहादूर किताबाचा बिल्ला (नग १३) आणि १९११ चे दरबार पदक (नग २०). सोबतच्या चिठ्ठीवर 'एकाच गृहस्थाचे' एवढेच लिहिले आहे. दोरा न सोडता दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली. गाठसुद्धा पुरावा असते. सोडली की मूळ अवस्था परत दाखवता येत नाही.

पहिल्या दिवसाचे नियम : काहीही पुसायचे नाही. क्रमांक धातूवर लिहायचा नाही, सुती नाडीला कागदी चिठ्ठी बांधायची. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. सुती हातमोज्यांचे धागे हिऱ्यांच्या कोंदणात आणि मुकुटाच्या टोकांत अडकतात आणि ओढले की सैल झालेली पाकळी हलते. कॅलिपर प्लॅस्टिकचा.

५ जून

तपासणी सुरू करण्याआधी कोणत्या नगावर काय शोधायचे हे ठरवून घेतले. शब्दांपासूनच गोंधळ आहे. ऑर्डर म्हणजे मंडळ, ज्यात माणसाला सामावून घेतले जाते. बिल्ला आणि तारा ही त्या मंडळाच्या सभासदत्वाची खूण. पदक म्हणजे वस्तूच बहुमान. मराठीत दोघांनाही 'पदक' म्हणतात, त्यामुळे जुन्या घरगुती याद्यांत 'सी.आय.ई. पदक' आणि 'दरबार पदक' एकाच रांगेत लिहिलेले सापडते. सूचीत आपण दोन वेगळे रकाने ठेवतो.

स्टार ऑफ इंडिया २३ फेब्रुवारी १८६१ रोजी स्थापन झाली. सुरुवातीला एकच वर्ग होता; पहिल्या यादीत जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर, खंडेराव गायकवाड, निजाम आणि भोपाळच्या सिकंदर बेगम ही नावे आहेत. १८६६ मध्ये तीन वर्ग झाले : जी.सी.एस.आय. (नाइट ग्रँड कमांडर), के.सी.एस.आय. (नाइट कमांडर) आणि सी.एस.आय. इंडियन एम्पायर १८७८ ची. तिच्यात आधी फक्त कंपॅनियन होते, १८८६ मध्ये के.सी.आय.ई. आणि १८८७ मध्ये जी.सी.आय.ई. हे वर्ग आले.

युरोपातल्या बहुतेक राजघराण्यांच्या ऑर्डर क्रूस आणि संतांच्या भोवती उभ्या आहेत. हिंदू, मुसलमान आणि शीख संस्थानिकांच्या गळ्यात क्रूस घालणे अवघड, म्हणून इथे तारा आणि गुलाब आला. वरच्या वर्गाचे नावही 'नाइट ग्रँड क्रॉस' न ठेवता 'नाइट ग्रँड कमांडर' ठेवले. सूची करताना हे उपयोगी पडते : कोणी 'जी.सी.एस.आय. क्रॉस' असे लिहिलेले दाखवले तर ते वर्णन वस्तू न पाहता केलेले आहे असे धरून चालावे.

मुख्य अडचण वेगळी आहे. या ऑर्डरींच्या बिल्ल्यांवर धारकाचे नाव कोरलेले नसते. लढाईच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव, पलटण सगळे असते. इथे सर्वांत मोठा मान, आणि मागची बाजू कोरी. त्यामुळे वस्तू खरी आहे की नाही हा एक प्रश्न आणि ती कोणाची हा दुसरा. पहिल्याचे उत्तर धातू, मीना (धातूवर वितळवून बसवलेली रंगीत काच) आणि घडण देते. दुसऱ्याचे उत्तर पेटी, सनद, छायाचित्र आणि गॅझेट (सरकारी राजपत्र) देते. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादले की चूक झालीच.

९ जून

साठवणीच्या सामानातून धातू खराब करणारी वाफ निघते का, याची चाचणी लावली. प्रत्येक नमुना २ ग्रॅम, काचेच्या झाकणबंद कुपीत. सोबत चांदी, तांबे आणि शिसे यांची घासून स्वच्छ केलेली पत्री आणि अर्धा मिलीलीटर शुद्ध पाणी. ६०° सेल्सियसला २८ दिवस. एक कुपी नमुन्याशिवाय, तुलनेसाठी. नमुने : जुन्या पेटीतले निळे मखमल, नव्या खणाचे लाकूड, पांढरा पॉलिथिलीन फोम, आम्लरहित कागद, आणि लोकरीचा नमदा.

निकाल ७ जुलैला. तोवर सगळे नग आम्लरहित कागदात, पॉलिथिलीनच्या डब्यांत.

ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत हे नग आले ती लगेच काढून टाकली. वास ओळखीचा होता, पीव्हीसीचा. हे प्लॅस्टिक जुने झाले की आम्ल सोडते आणि आतला मऊपणा आणणारा द्रव चिकट होऊन बाहेर येतो. १९११ च्या दोन पदकांवर कडेला हिरवट चिकट थर दिसतो तो त्याचाच. चांदीत साडेसात टक्के तांबे असते, हिरवेपणा त्या तांब्याचा.

१२ जून

मोजमापे. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास चार दिशांनी.

मीना नसलेल्या भरीव पदकांची घनता काढली. पदक हवेत तोलायचे, मग नायलॉनच्या दोऱ्याने शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून तोलायचे. हवेतले वजन भागिले दोन वजनांतला फरक. स्टर्लिंग चांदीला १०.३ ते १०.४ यायला हवे. बुडबुडा चिकटला तर आकडा खाली येतो, म्हणून पदक आधी ओल्या मऊ कुंचल्याने भिजवून घ्यायचे आणि तीनदा मोजायचे.

१९११ ची तिन्ही पदके व्यवस्थित. १९०३ च्या दोनांपैकी नग १७ ला १०.३४ आले. नग १८ ला ८.६. व्यासही ३८.५ मिमीऐवजी ३८.० भरतो. हे खऱ्या पदकाचा साचा घेऊन पितळेत ओतलेले आणि वर चांदीचा मुलामा दिलेले आहे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल साधारण एक-दोन टक्क्यांनी लहान निघते. दहापट भिंगाखाली फारसी अक्षरांच्या कडा गोलावलेल्या दिसतात आणि सपाट भागात बारीक खड्डे आहेत. ठशाखाली दाबून काढलेल्या पदकाची जमीन अशी कधी नसते. तरीही नग यादीतून काढलेला नाही. 'नक्कल' असे स्पष्ट लिहून ठेवला आहे. पुढच्या माणसाला तुलनेसाठी खऱ्या पदकाइतकाच तो उपयोगी.

मीनाच्या नगांना ही पद्धत लावायची नाही. मीना म्हणजे काच, घनता अडीच-तीनच्या आसपास. १८ कॅरट सोने १५.५ च्या जवळ. दोघांचे मिश्रण मोजून येणारा आकडा कशाचाच नसतो, आणि मीनाच्या भेगेत पाणी शिरते ते वेगळेच. कैसर-ए-हिंदच्या पदकांनाही नाही. पंचम जॉर्जच्या काळात या पदकाचे पोकळ आणि भरीव असे दोन्ही घडणीचे नमुने आहेत. पोकळ पदक बुडवले की आतल्या हवेमुळे घनता कमी येते, खरे पदक खोटे ठरते, आणि सांध्यातून गेलेले पाणी आतून धातू खात बसते. आमचा नग ९ पोकळ आहे, नग १० भरीव.

याच पदकाबद्दल आणखी एक. ते १० एप्रिल १९०० रोजी सुरू झाले, सार्वजनिक सेवेसाठी. गांधीजींना सोन्याचे १९१५ मध्ये मिळाले आणि १९२० मध्ये त्यांनी ते परत केले. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये हे पदक मिळाले. पुढच्या बाजूला राजाची आद्याक्षरे असतात, त्यावरून कारकीर्द लागलीच कळते. व्यक्ती मात्र कळत नाही.

१३ जून

कालच्या यादीत एक दुरुस्ती. नग २१ आणि नग २२ च्या फिती सारख्याच : गडद निळी, मध्ये दोन लाल रेषा. म्हणून दोन्ही 'दरबार' असे लिहिले गेले होते. १९११ चे राज्यारोहण पदक आणि त्याच वर्षीचे दिल्ली दरबार पदक यांची फीत एकच. फरक आकारात आहे : राज्यारोहण ३२ मिमी, दरबार ३८.५ मिमी. राज्यारोहण पदक मिळालेला माणूस दरबारालाही हजर असेल तर त्याला दुसरे पदक न देता फितीवर 'दिल्ली' लिहिलेली पट्टी दिली जाई. नग २२ वर ती पट्टी आहे. फितीवरून नव्हे, मोजून लिहायचे.

१६ जून

क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र (वस्तूला न दुखवता पृष्ठभागावर कोणते धातू आहेत ते सांगणारे) दोन दिवसांसाठी मिळाले. कसोटीचा दगड आणि तेजाब आपण वापरत नाही. ओरखडा तो ओरखडाच.

यंत्राचा आकडा समजून घ्यावा लागतो. किरण पृष्ठभागापासून फार तर काही दहा मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत जातात. मुलामा दिलेल्या चांदीवर सोने आणि चांदी दोन्ही दिसतात आणि घाईत वाचणारा 'हलके सोने' असे लिहून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक नग तीन ठिकाणी मोजला : दर्शनी भागात, कडीच्या आतल्या झिजलेल्या बाजूला आणि मागे. झिजलेल्या जागी सोने एकदम घसरून चांदी वर आली तर तो मुलामा. तिन्ही ठिकाणी तेच प्रमाण आले तर धातू आतपर्यंत तोच.

नग २ (सी.आय.ई.) तिन्ही ठिकाणी सोने. नग ३ आणि ४ चांदीवर मुलामा. के.सी.आय.ई.चा तारा चांदीचा, मध्यभाग सोन्याचा.

ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या एका बिल्ल्याच्या मागे पारा सापडला. जुन्या पद्धतीत सोने पाऱ्यात विरघळवून लेप देत आणि तापवून पारा उडवत; थोडा धातूतच राहतो. विजेवरचा मुलामा १८४० नंतर पसरला आणि त्यात पारा नसतो. पारा म्हणजे अस्सल असे मात्र कोणी समजू नये. जुनी पद्धत कारखान्यांत पुढेही चालत राहिली. त्यातून कळते ते एवढेच की हा मुलामा विजेवरचा नाही.

२० जून

मीना. आजचा दिवस पूर्ण तीन सी.आय.ई. बिल्ल्यांवर.

हा बिल्ला म्हणजे पाच पाकळ्यांचा लाल गुलाब, पाकळ्यांमध्ये हिरवी पाने, मध्ये व्हिक्टोरियाचा मुखवटा, भोवती जांभळ्या कड्यात लॅटिन ब्रीद : सम्राज्ञीच्या छत्राखाली. वर मुकुट. सर्वांत आधी पाकळ्या पाहायच्या. पहिल्या प्रकारात एकेका पाकळीवर 'इंडिया' शब्दाचे एकेक रोमन अक्षर असते. १८८० च्या दशकातील फेररचनेनंतर ही अक्षरे गेली. म्हणजे रा. गो. भांडारकरांना १८८९ मध्ये किंवा गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९०४ मध्ये मिळालेला बिल्ला म्हणून कोणी अक्षरांचा बिल्ला दाखवला तर जपून. नग २ वर पाचही अक्षरे आहेत. नग ३ व ४ वर नाहीत.

मीना धातूवर साधारण ७५० ते ८५० अंशांना वितळवतात. थंड होताना काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तो ताण कायमचा आत राहतो. बिल्ला पडला किंवा वाकला की ताण सुटतो आणि टवका उडतो. बहुतेक वेळा पाकळीच्या टोकाला आणि पानांच्या अणीला, कारण तिथे थर पातळ आणि धातू लवचीक. अल्ट्रासॉनिक यंत्रात मीना घालणे म्हणजे प्रत्येक बारीक भेग उघडणे. रसायनात बुडवून चांदी उजळणेही तसेच : द्राव भेगेत जातो आणि धुऊन निघत नाही.

अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहिले. जुना मीना जवळजवळ काळाच राहिला. नग ३ च्या दोन पाकळ्यांच्या टोकांवर निळसर पांढरी चमक आली : इपॉक्सी (आधुनिक कृत्रिम राळ) भरलेले आहे, रंग छान जुळवला आहे, उघड्या डोळ्यांना कळत नाही. नग २ च्या एका पानाच्या कडेला नारिंगी झाक, म्हणजे लाख.

त्या पानावर शुद्ध पाण्याने किंचित ओलावलेला कापसाचा बोळा एकदाच टेकवला. बोळा हिरवा झाला. लगेच थांबलो. मीना पाण्याने कधीच सुटत नाही. तो वर दिलेला रंग आहे, आणि तोही गोंदात कालवलेला. स्वच्छ करण्याच्या नादात तसेच पुसत गेलो असतो तर जुन्या दुरुस्तीचा पुरावा गेला असता. त्याच ठिकाणचा क्ष-किरणाचा आलेख परत काढून पाहिला तर टायटॅनियम दिसते. टायटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. अक्षरांचा बिल्ला उशिरात उशिरा १८८० च्या दशकातला आणि दुरुस्ती निदान तीस वर्षांनंतरची.

रंग काढायचा नाही असे ठरले. छायाचित्र, आलेख आणि एक ओळ नोंद : 'उजवीकडील खालचे पान, नंतर रंगवलेले'.

२३ जून

सी.एस.आय. (नग १). ऑनिक्स दगडातला व्हिक्टोरियाचा उठाव शाबूत. वीसपट सूक्ष्मदर्शीखाली केसांच्या बटांत हत्याराच्या समांतर खुणा आहेत. साच्यातून काढलेल्या काचेत त्या जागी गोल कडा आणि कधी बुडबुडे दिसतात. भोवतीच्या फिकट निळ्या मीनावर ब्रीदाची अक्षरे बारीक हिऱ्यांची : स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक. दोन हिरे गेले आहेत, कोंदणे रिकामी. भरायचे नाहीत. वरचा पाच टोकांचा तारा चांदीचा आणि काळवंडलेला, तसाच ठेवला.

२६ जून

फिती.

फीत हा सर्वांत सहज बदलला जाणारा भाग, आणि तरी लोक तारीख ठरवताना आधी फितीकडेच बघतात. अतिनील दिव्याखाली सगळ्या फिती तपासल्या. पांढऱ्या कापडाला उजळपणा देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली; ती असली की धागा झगझगीत निळा दिसतो. आठ फिती चमकल्या. मात्र जुनी रेशमी फीत कोणी साबणाच्या भुकटीत धुतली तरी ती चमकते. म्हणून चमकलेल्या प्रत्येक फितीचा एक धागा, आधीच सुटून पडलेला, सूक्ष्मदर्शीखाली पाहिला. सहा कृत्रिम धाग्याच्या, म्हणजे नव्या. दोन रेशमाच्या, धुतलेल्या.

ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाची फीत १८३७ मध्ये आकाशी ठरली होती. १८३८ मध्ये ती किरमिजी केली; केसांच्या तेलाने आकाशी रंग मळतो असे कारण सांगितले जाते. गळ्यात घालायची फीत, त्यामुळे पटण्यासारखे आहे. १९३९ मध्ये वर्ग ओळखता यावा म्हणून आकाशी रेषा आल्या : पहिल्या वर्गाला दोन, दुसऱ्याला एक. नग ६ ची फीत एका रेषेची आणि बिल्ल्यावर मुकुट. मुकुट पहिल्या वर्गाचा, रेषा दुसऱ्याची. फीत चुकीची लावलेली आहे. बदलली नाही, वेगळी काढून त्याच डब्यात ठेवली.

या ऑर्डरच्या पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर' आणि दुसऱ्याला 'बहादूर' हा किताब मिळे. ही आणि इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये काढल्या. राजसन्मान म्हणून त्यांची गणना होते ती नंतर, कंपनीचे राज्य गेल्यावर.

शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटच्या नग ८ वर मागे 'दुसरा वर्ग' कोरले आहे. यावर थांबून चालत नाही. १९११ च्या दरबारात व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च मान हिंदी शिपायांना खुला झाला, तेव्हा १९१२ पासून या ऑर्डरचा पहिला वर्ग रद्द करून खालचे दोन वर्ग एकेक पायरी वर सरकवले. जुन्या दुसऱ्या वर्गाच्या चांदीच्या ताऱ्यावर सोन्याची लॉरेलची माळ आहे. नवा दुसरा वर्ग म्हणजे जुना तिसरा, पूर्ण चांदीचा. नग ८ वर माळ चांदीचीच, यंत्रानेही सोने दाखवले नाही. म्हणून १९१२ नंतरचा.

१ जुलै

के.सी.आय.ई.चा तारा (नग ५) आणि त्याची पेटी. दहा टोके, सर्व किरणे साध्या चांदीची. जी.सी.आय.ई.च्या ताऱ्यात चांदीची आणि सोन्याची किरणे आलटून पालटून असतात. हा फरक छापील काळ्या-पांढऱ्या चित्रांत दिसत नाही, हातात घेऊनच पाहावा लागतो. पेटीच्या झाकणात लंडनच्या गॅरार्ड पेढीचा छाप. पेटीत दोन खाचा आहेत, ताऱ्याची आणि गळ्यातल्या बिल्ल्याची. बिल्ल्याची खाच रिकामी.

रिकाम्या खाचेत नग ३ किंवा ४ बसतो का, असा प्रश्न लगेच आला. खाच मोजली : दोन्ही बिल्ले तिच्यात सैल हलतात. मखमलावर वर्षानुवर्षे टेकून उमटलेली मुकुटाची खूण आहे, तीही या दोन्ही मुकुटांशी जुळत नाही. कंपॅनियनचा बिल्ला तिथे ठेवून 'पूर्ण संच' दाखवणे मोहाचे आहे. तसे करणार नाही. खाच रिकामी राहील आणि सूचीत ती रिकामी असल्याचे लिहिले जाईल.

या संग्रहात जी.सी.एस.आय.चे काहीच नाही, याचेही आश्चर्य नको. ऑर्डरच्या नियमांनुसार वरच्या वर्गाची चिन्हे, विशेषतः सोन्याची कंठसाखळी, धारकाच्या मृत्यूनंतर परत करावी लागत. कमळे, ताडाच्या फांद्या, लाल आणि पांढरे गुलाब यांची ती साखळी घरांत राहिलीच नाही. जे घरात उरले तेच पुढे बाजारात आले आणि संग्राहकांकडे पोचले. म्हणून संग्रहांत कंपॅनियन भरपूर आणि ग्रँड कमांडर विरळा दिसतात. त्यावरून किती जणांना काय मिळाले याचा अंदाज बांधायचा नाही.

७ जुलै

कुप्या उघडल्या. निळ्या मखमलाच्या कुपीत चांदीची पत्री तपकिरी-काळी. नमद्याच्या कुपीत त्याहून काळी, लोकरीतला गंधक. लाकडाच्या कुपीत शिशावर पांढरी भुकटी, म्हणजे लाकडातून निघणारे सेंद्रिय आम्ल. फोम आणि कागद दोन्ही निर्दोष, रिकाम्या कुपीसारखे.

निर्णय : मूळ पेट्या वेगळ्या डब्यांत, त्यांच्यावर त्याच नगाचा क्रमांक. वस्तू फोममध्ये. लाकडी खण रद्द.

११ जुलै

छायाचित्रांवरून ओळख पटवण्याचे काम. संस्थानिकांची स्टुडिओतली चित्रे मुबलक आहेत. सयाजीराव गायकवाड (जी.सी.एस.आय. १८८७) आणि कोल्हापूरचे शाहू महाराज यांची दरबारी पोशाखातली चित्रे तुलनेसाठी घेतली. तीन ठिकाणी फसायला होते.

पहिले, उलटे छापलेले चित्र. तारे डाव्या छातीवर असतात आणि स्टार ऑफ इंडियाचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो. उलट दिसले तर धारकाने चुकीचे घातले असे म्हणण्याआधी कोटाची बटणे आणि मागची कोणतीही अक्षरे पाहावीत.

दुसरे, रंग. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. फिकट निळा पट्टा चित्रात पांढरा येतो, किरमिजी फीत काळी. पांढरा पट्टा दिसला म्हणून दुसरीच ऑर्डर शोधायला निघू नये.

तिसरे, 'सर' म्हटले की तारा शोधणे. नाइट बॅचलर ही ऑर्डर नाही. तिचा बिल्ला १९२६ मध्ये आला. त्याआधीच्या नाइट बॅचलरच्या छातीवर काहीच नसेल तर चित्र बरोबर आहे.

१५ जुलै

दोऱ्याने बांधलेले तीन नग.

दोरा आज सोडला. गाठ तशीच जपून पाकिटात ठेवली. किताबांचे बिल्ले १९११ पासूनचे आणि त्यांच्या मागे बहुधा नाव व तारीख कोरलेली असते. या सगळ्या संग्रहात नाव सांगणारे तेवढेच. नग १३ वर दुसऱ्या वर्गाची फीत आहे, लाल आणि गडद लाल कडांची, आणि मागे नाव स्पष्ट.

आधी कोरीव काम मूळचे आहे का ते पाहिले. दिवा अगदी तिरपा धरून पाहिले की जुने नाव घासून काढलेली जागा उथळ बशीसारखी दिसते. त्या जागी जाडीही कमी भरते. नग १५ वर नेमके तेच सापडले : मध्यभागी जाडी कडेपेक्षा ०.३ मिमी कमी आणि नव्या अक्षरांच्या आत मळ नाही. तो 'नाव बदललेला' म्हणून नोंदवला. नग १३ मात्र निर्दोष. अक्षरांच्या खोबणीत आणि भोवतीच्या जमिनीवर काळपटपणा सारखाच आहे.

मग गॅझेट. दोन्ही गॅझेटे पाहावी लागतात : ऑर्डरींच्या नेमणुका लंडन गॅझेटमध्ये, रावबहादूर, रावसाहेब वगैरे किताब गॅझेट ऑफ इंडियामध्ये. नवीन वर्ष आणि राजाचा वाढदिवस या दोन याद्या आधी. शोध नावाने करू नये, हुद्द्याने करावा. एकाच मराठी आडनावाची इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगे असतात, हुद्दा सहसा एकच.

किताबाची नोंद मिळाली, बिल्ल्यावरच्या तारखेशी जुळते. त्या नोंदीत नावापुढे सी.आय.ई. नाही. नग २ च्या अक्षरांच्या प्रकाराप्रमाणे ते १८७८ ते १८८७ या काळातच मिळालेले असायला हवे होते, आणि मिळाले असते तर त्यानंतरच्या प्रत्येक सरकारी यादीत नावापुढे आले असते. शिवाय पायऱ्या साधारण रावसाहेब, रावबहादूर, मग सी.आय.ई. अशा चढत जात. आधी सी.आय.ई. आणि तीसएक वर्षांनी रावबहादूर हा क्रम उलटा आहे. सी.आय.ई.च्या १८७८ ते १८८७ च्या याद्या ओळ न ओळ वाचल्या. हे नाव कोणत्याही स्पेलिंगने नाही.

दरबार पदक (नग २०) त्यांचे असू शकते. काळ जुळतो. पण पदक बिननावाचे आणि हजेरीचा कागद नाही. शक्यतेला पुरावा म्हणता येत नाही.

सूचीतली नोंद अशी : 'नग २, १३, २० एकत्र बांधलेले आले. नग १३ चा धारक गॅझेटवरून निश्चित. नग २ त्याच व्यक्तीचा नाही. नग २० अनिश्चित.' तिघांची संचाची खूण काढून टाकली, पण तिन्ही पानांवर एकमेकांचा क्रमांक ठेवला. चिठ्ठीही नग २ सोबत ठेवली, 'विधान चुकीचे, १५ जुलैची नोंद पाहावी' या शेऱ्यासह.

२२ जुलै

फोममध्ये खाचा कापल्या. खाच वस्तूपेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी मोठी आणि तळाशी आम्लरहित कागद. मीनाचा बिल्ला नेहमी पाठीवर, मुकुट आणि कडी अधांतरी राहणार नाहीत अशी वेगळी टेकणी. फीत घडी न घालता, कागदाच्या पोकळ गुंडाळीवरून वळवलेली. डब्यात सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के. पूर्ण कोरडे करायचे नाही. चांदीला चालेल, जुन्या मीनाला नाही. फिती बाहेर मांडल्या तर प्रकाश ५० लक्सच्या आत.

रबर बँड एकही नाही, हे डबे बंद करण्यापूर्वी पुन्हा पाहिले. एका डब्यात निघाला. काढला.

२४ जुलै

बावीस पाने पूर्ण. नग २ चे धारकाचे पान कोरे आहे. १८७८ ते १८८७ च्या याद्यांतली सगळी नावे त्याच पानामागे जोडून ठेवली. पेटी किंवा सनद कधी समोर आली तर शोध तिथून सुरू करता येईल.